हेडसेटमधली विंडो बंद केली की ती नक्की जाते कुठे?

पागोळी
नमस्कार मंडळी. मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेट, म्हणजे आपल्या खऱ्या खोलीतच हवेत विंडो दाखवणारं डोळ्यांवरचं यंत्र, घेऊन मला चार महिने झाले. माझा व्हिजन प्रो आहे. भाषांतराचं काम करते, रोज अडीच-तीन तास तो डोक्यावर असतो. डावीकडे मूळ मजकूर, समोर माझी फाईल, उजवीकडे शब्दकोश. इतकी ऐसपैस जागा मला कुठल्याच मॉनिटरवर मिळाली नव्हती, त्यामुळे हा धागा तक्रारीचा आहे असं कृपया समजू नका.

पण एका गोष्टीने मी मेटाकुटीला आले आहे. विंडोच्या खाली ती छोटी खूण असते, तिच्याकडे बघून चिमटी केली की विंडो जाते. आता ती बंद झाली की नुसती लपली? परत उघडली तर कधी अर्धवट वाचलेलं पान जसंच्या तसं येतं, कधी सगळं पहिल्यापासून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्या नाकासमोर उघडते. शब्दकोश मी खिडकीच्या कडेला नीट कोनात लावला होता, ती जागा गेली ती गेलीच.

त्यामुळे आता मी काहीच बंद करत नाही. परिणाम असा की काल रात्री पाणी प्यायला उठले तर जिन्याच्या वळणावर आठवड्यापूर्वीची कॅलेंडरची विंडो लटकत होती. तिच्यावर मागच्याच आठवड्याच्या तारखा.

तुम्ही काय करता? लपवता, बंद करता, की माझ्यासारखं सगळं तसंच सोडून देता?

कवडसा
वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं.

टिपकागद
आधी शब्दांचा घोळ सोडवू या, कारण त्रासाचं मूळ तिथे आहे.

'बंद' या शब्दाचा अर्थ आपण कुठल्या संगणकावर वाढलो त्यावर ठरतो. विंडोज वापरणाऱ्याच्या मनात फुलीवर क्लिक म्हणजे प्रोग्रॅम संपला. मॅकवाल्याला माहीत असतं की विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच राहू शकतो. लपवणं वेगळं, विंडो बंद करणं वेगळं आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडणं आणखी वेगळं. आणि फोनवाल्याला यातलं काहीच ठाऊक असायची गरज पडत नाही, तो अ‍ॅपमधून बाहेर येतो आणि पुढचं फोन बघून घेतो.

हेडसेट दिसायला संगणकासारखा आहे, पण आतून बहुतेक ठिकाणी फोनसारखा वागतो. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोवर ती खूण दाबली की विंडो जाते, पण अ‍ॅप मागे झोपलेलं राहतं. मेमरी लागली तर सिस्टीम त्याला गुपचूप काढून टाकते. म्हणून तुम्हाला कधी पान जसंच्या तसं मिळतं आणि कधी पहिल्यापासून. तुमच्या हातून काही चुकत नाहीये.

पागोळी
@टिपकागद, हे वाचून खरंच हायसं वाटलं. मला वाटत होतं मी चिमटी कमी-जास्त वेळ धरते म्हणून असं होतं.

भिरभिरं
चिमटी जास्त वेळ धरण्यालाही अर्थ आहे हं. व्हिजन प्रोवर त्या बंद करायच्या खुणेकडे बघून चिमटी धरून ठेवली तर ती विंडो राहते आणि बाकीची अ‍ॅप्स लपतात. मला हे सहा महिन्यांनी कळलं. एकाग्र होऊन काही वाचायचं असेल तर अगदी उत्तम.

आणि डिजिटल क्राउन (हेडसेटवरचं गोल, फिरवता येणारं बटण) लागोपाठ दोनदा दाबला की सगळं लपून आपली खोली दिसते. दारावरची बेल वाजली की माझा हात आपोआप तिकडे जातो.

जुना_यंत्री
मी होलोलेन्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हेडसेटच्या काळातला माणूस. पहिला २०१६ साली हातात आला, दुसरा २०१९ च्या शेवटी. २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं तेव्हा घरातलं कुणी दूर गेल्यासारखं वाईट वाटलं होतं.

पागोळीताईंचा प्रश्न त्या यंत्राने वेगळ्या पद्धतीने सोडवला होता, म्हणून सांगतो. तिथे विंडो ही भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखी होती. अ‍ॅप झोपलं तरी तसबीर जागेवर राहायची, फक्त आतलं चित्र गोठलेलं. त्यावर बोट टेकवलं की अ‍ॅप तिथेच जागं व्हायचं. म्हणजे 'चालू आहे की नाही' आणि 'कुठे आहे' हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवलेले होते. हेडसेट बंद करून दुसऱ्या दिवशी लावला तरी तसबिरी आपापल्या भिंतींवर.

सुरुवातीचा मेनू मनगटावर. दुसऱ्या हाताच्या बोटाने आतल्या बाजूला टिचकी मारायची. आणि पसारा फारच झाला तर सेटिंग्जमध्ये होलोग्रामच्या पानावर दोन बटणं: जवळपासचे काढा किंवा सगळे काढा. हे 'जवळपासचे' मला फार शहाणपणाचं वाटायचं. एका खोलीची आवराआवर करताना दुसरीला धक्का लागत नसे.

शेवंती
@जुना_यंत्री, पण मग जिन्यातलं कॅलेंडर तिथेही लटकत राहिलंच असतं ना?

जुना_यंत्री
राहिलं असतं. आणि एक आणखी गंमत: हेडसेट खोली ओळखतो ती कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणांवरून. कोपरे, चौकटी, फर्निचरच्या कडा. दोन खोल्या हुबेहूब सारख्या असतील, तेच टेबल, त्याच खुर्च्या, तर एकीतली विंडो दुसरीत दिसू शकते. यावर साधा उपाय म्हणजे भिंतीवर काहीतरी वेगळं चित्र लावायचं. कोऱ्या पांढऱ्या भिंती या सगळ्याच यंत्रांना जड जातात.

अनवट
क्वेस्टवाल्यांची, म्हणजे मेटा कंपनीचा हेडसेट वापरणाऱ्यांची बाजू मांडतो. क्वेस्ट ३ वर सपाट विंडोंची संख्याच मर्यादित आहे. २०२४ च्या मध्यावर नवी मांडणी आली तेव्हापासून तीन विंडो मेनूच्या पट्टीला चिकटून शेजारी शेजारी आणि आणखी तीन मोकळ्या, पाहिजे तिथे ओढून नेता येतील अशा. एकूण सहा. मला हे बंधन आवडतं. सहा विंडो माणसाच्या लक्षात राहतात, सोळा राहत नाहीत.

हरवल्या तर उजव्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून धरायचं. दृश्य तुमच्या तोंडासमोर येतं.

खेळासारखं पूर्ण वेढून टाकणारं अ‍ॅप मात्र एका वेळी एकच. ते चालू असताना मेनू उघडला की ते थांबून राहतं, मग पुढे चालू ठेवायचं की बाहेर पडायचं हे तुम्ही ठरवायचं. इथे 'लपलं' आणि 'संपलं' यातला फरक तोंडावर विचारला जातो. सपाट विंडोला तो कुणीच विचारत नाही.

कवडसा
मी रात्री झोपण्यापूर्वी सगळी अ‍ॅप्स जबरदस्तीने बंद करते. बॅटरी वाचते आणि सकाळी स्वच्छ सुरुवात होते. याच्यात वाईट काय आहे?

काटकोन
@कवडसा, वाईट काही नाही, पण बॅटरी वाचत नाही. मी या हेडसेटसाठी अ‍ॅप्स लिहितो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

झोपलेलं अ‍ॅप जवळजवळ काहीच खात नाही. उलट ते मारून सकाळी पुन्हा शून्यातून उठवायला जास्त काम पडतं. बॅटरी खरी जाते ती कॅमेरे, सेन्सर आणि डोळ्यांसमोरचे पडदे सतत चालू असतात म्हणून. व्हिजन प्रोमध्ये १२ कॅमेरे आहेत आणि दोन पडद्यांवर मिळून २.३ कोटी पिक्सेल. बाहेरची खोली टिपून डोळ्यांपुढे मांडायला त्यात आर१ नावाची वेगळी चिप आहे, ती हे १२ मिलिसेकंदांत करते. हे सगळं तुमची एकही विंडो उघडी नसताना चालूच असतं. पहिल्या व्हिजन प्रोची बॅटरी साधारण दोन तासांची, त्यात झोपलेल्या शब्दकोशाचा वाटा नगण्य.

जबरदस्तीने बंद करायचं ते अ‍ॅप अडकलं असेल तरच. वरचं बटण आणि डिजिटल क्राउन एकत्र दाबून धरायचे, चालू अ‍ॅप्सची यादी येते, त्यातून निवडायचं. यादी दिसताक्षणी बोटं उचला, नाहीतर हेडसेटच बंद व्हायच्या मार्गाला लागतो.

टिपकागद
@काटकोन, म्हणजे यादी आहे! फक्त ती अपघात विभागात ठेवली आहे.

पागोळी, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मर्म हेच. तुम्हाला बंद करायचं बटण नकोय, तुम्हाला यादी हवी आहे. विंडोज ३.१ मध्ये हीच पंचाईत होती. मिनिमाइझ केलेला प्रोग्रॅम पडद्याच्या तळाशी छोटं चित्र होऊन बसायचा आणि दुसरी विंडो मोठी केली की त्या चित्रावर पांघरूण पडायचं. लोकांना वाटायचं प्रोग्रॅम गेला. ते पुन्हा उघडायचे, मग पुन्हा. तीन-तीन प्रती चालू. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर टास्कबार आला आणि जे जे उघडं आहे ते कायम डोळ्यांसमोर राहू लागलं. आज ती पट्टी आपल्याला इतकी सवयीची आहे की तिने काय सोडवलं होतं हेच विसरायला झालं.

हेडसेट पुन्हा ३.१ च्या काळात आहे. फक्त पांघरूण घालायला आता पडद्याच्या जागी अख्खं घर आहे.

शेवंती
हे फार आवडलं. पण मी असहमत आहे. डोळ्यांसमोर कायमची पट्टी मला नको. मी हेडसेट लावते तेच मुळी पट्ट्या, सूचना, लाल ठिपके यांच्यापासून सुटायला. यादी मागितली की यावी आणि काम झालं की जावी.

टिपकागद
मान्य. मागितल्यावर येणारी यादी पुरेशी आहे. आज ती मागण्याची साधी सोय नाही एवढंच माझं म्हणणं.

अनवट
अवांतर: विंडो हरवली की मी ती आवाजावरून शोधतो. त्यात काहीतरी वाजत असेल तर आवाज विंडोच्याच दिशेने येतो. परवा मुलाखत ऐकत घरभर फिरलो, परत आलो तर विंडो दिसेना. डोळे मिटले, मान हळूहळू फिरवली, उजव्या खांद्यामागे आवाज स्पष्ट झाला. वळलो, तर कपाटाच्या बाजूला होती.

पागोळी
@अनवट, काय सुंदर युक्ती आहे! शब्दकोश बोलत नाही हीच अडचण.

सांजवेळ
मी धागा वाचत होते, लिहावं की नाही असा विचार करत होते. लिहितेच.

दोन महिन्यांपूर्वी आई माझ्याकडे आली होती. तिला हेडसेटमधून समुद्र दाखवायचा होता. पाहुण्यांसाठीची सोय चालू केली, आईच्या डोळ्यांची आणि हातांची जुळणी झाली, ती सोफ्यावर बसली. आणि पहिलं वाक्य म्हणाली, "हे तुझ्या नावाचं काय आहे?"

माझ्या तपासणीचा अहवाल होता. सकाळी वाचून मी तो बंद न करता नुसता बाजूला सरकवला होता, टीव्हीच्या वर. तिला मी अजून काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं होतं, पण असं नाही. शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगायचं होतं.

अहवाल पुढे बरा निघाला, मी ठीक आहे. पण आईचा तो चेहरा, अर्धा हेडसेटने झाकलेला, आणि तिचे पुढे आलेले, काहीतरी चाचपडणारे हात, ते डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून सांगते, 'दिसत नाही' आणि 'नाही' यात फरक असतो. दुसऱ्याच्या हातात देण्यापूर्वी नीट बंद करा.

कवडसा
सांजवेळ, तुला घट्ट मिठी. बरी आहेस हे वाचून बरं वाटलं.

भिरभिरं
ताई, काळजी घ्या. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

यातला एक तपशील सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. व्हिजन प्रोवर पाहुण्याला देताना विचारलं जातं की त्याला सगळी अ‍ॅप्स वापरू द्यायची की फक्त आत्ता उघडी असलेली. बहुतेक लोक दुसरा पर्याय सुरक्षित समजून निवडतात. तो सुरक्षित आहेच, पण उघडं काय आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल तरच. मी आता आधी एकेक विंडो बंद करतो, मग जे दाखवायचं तेवढं एकच अ‍ॅप उघडतो, आणि मग देतो.

काटकोन
सांजवेळ यांचा अनुभव वाचून मी माझ्या अ‍ॅपकडे पुन्हा वळून बघितलं. आमच्यासारख्या अ‍ॅप लिहिणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे.

माझ्या अ‍ॅपमध्ये एक मुख्य विंडो आणि एक रंगांची छोटी पट्टी. लोक मुख्य विंडो बंद करायचे, पट्टी कोपऱ्यात तशीच राहायची. नंतर अ‍ॅपच्या चिन्हावर चिमटी केली की सिस्टीम म्हणायची, अ‍ॅप तर उघडंच आहे, आणि ती पट्टीच पुढे आणायची. मुख्य विंडोचा पत्ता नाही. एका आजोबांनी मला लिहिलं होतं, "चित्र काढायचा कागद नाहीसा झाला, नुसते रंग राहिले." ते वाक्य मी माझ्या टेबलावर चिकटवलं आहे. दोष माझाच होता. शेवटची उरलेली विंडो कुठली असू शकते याचा मी विचारच केला नव्हता.

व्हिजन प्रो ज्या प्रणालीवर चालतो तिच्या २०२५ च्या आवृत्तीत, व्हिजनओएस २६ मध्ये, यावर चांगली सोय आली. कुठली विंडो पुढच्या वेळी आपणहून परत यावी आणि कुठली येऊ नये हे आता अ‍ॅप लिहिणारा ठरवू शकतो. पट्टीला मी 'परत येऊ नको' सांगून टाकलं. त्याआधी व्हिजनओएस २ मध्ये आणखी एक उपयोगी गोष्ट आली होती: नवी विंडो जुनीच्या जागी उघडते, जुनी तेवढा वेळ लपते, आणि नवी बंद केली की जुनी त्याच जागी परत. लपवणं कसं असावं याचा तो माझ्या मते सर्वांत चांगला नमुना आहे. जागा कुणीच सोडत नाही.

जुना_यंत्री
@काटकोन, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. जागा हीच या यंत्राची खरी कमाई. कागद हरवला तर छापून घेता येतो, पण तो टेबलावर कुठे ठेवला होता हे हातांना माहीत असतं, ते कुठून छापणार?

शेवंती
डोळ्यांचा त्रास असलेल्यांसाठी एक मुद्दा. माझी नजर एका डोळ्यात स्थिर राहत नाही. विंडोखालचा तो बंद करायचा ठिपका आणि विंडो हलवायची पट्टी अगदी लगत असतात. मी ठिपक्याकडे बघते आणि पट्टी पकडली जाते, किंवा उलट. हलवायला जावं तर विंडो बंद! पागोळीसारखी जागा जाण्याची भीती मला रोजची आहे.

सुगम्यतेच्या सेटिंग्जमध्ये नजरेऐवजी मनगट, तर्जनी किंवा डोक्याची दिशा वापरता येते. मी तर्जनीवर आणलं आहे. हाताला थोडा शीण होतो, पण हुकत नाही. आवाजाने चालवायचीही सोय आहे. ज्यांना त्रास नाही त्यांनीसुद्धा एकदा करून बघावं, दिवसअखेर डोळे दमतात तेव्हा आराम पडतो.

पागोळी
@शेवंती, धन्यवाद. संध्याकाळी माझंही असंच होतं, पण ते दमल्यामुळे असेल हे ध्यानातच आलं नव्हतं.

अनवट
मूळ प्रश्नाकडे वळू या का? पागोळी, शेवटी तुम्ही काय करायचं ठरवलंत?

पागोळी
आठवडाभर तुमचं सगळं करून बघितलं, म्हणून उशिरा लिहिते आहे.

आधी त्या दोन बटणांनी यादी उघडली. अकरा अ‍ॅप्स! त्यातली चार मी उघडल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. एकेकाचा माग काढत घरभर फिरले. हवामान बाल्कनीच्या दाराशी, एक पत्र धुण्याच्या मशीनवर, आणि बागेच्या फोटोंची एक विंडो आतल्या खोलीत, इतक्या वर की स्टुलावर चढल्यावर नीट दिसली.

मग ठरवलं की कामाच्या तीन विंडोंना हात लावायचा नाही. त्या बंद करायच्या नाहीत, लपवायच्या. मध्ये उठायचं असेल तर क्राउन दोनदा, परत आले की पुन्हा तेच. बाकी काहीही उघडलं तरी खुर्चीवरून उठण्यापूर्वी बंद. खोलीबाहेर विंडो न्यायची नाही, हा नियम मुलालाही सांगितला. आणि शब्दकोश व्हिजनओएस २६ मध्ये भिंतीला चिकटवला. आता हेडसेट बंद करून परत लावला तरी तो खिडकीच्या कडेलाच असतो. काल सकाळी लावल्या लावल्या न शोधता उजवीकडे मान वळवली आणि तो तिथे होता, 'न' अक्षराच्या पानावर, जिथे सोडला होता तिथे.

यादी मात्र सहज मागता येण्याजोगी हवीच, यावर मी टिपकागद यांच्या बाजूने आहे. तशी सूचना कंपनीकडे लिहून पाठवली आहे.

टिपकागद
मीही पाठवतो. काटकोन, तुमच्या आजोबांचं वाक्य त्यात वापरलं तर चालेल का?

काटकोन
नाव न देता जरूर वापरा. त्यांना मी कळवतो.

कवडसा
आणि जिन्यातलं कॅलेंडर?

पागोळी
ते काढायला गेले तर मुलगा म्हणाला, आई, शाळेत जाताना वार बघायला मला इथे कॅलेंडर बरं पडेल. त्यालाही आता हेडसेटची सवय लागलीय, रविवारी अर्धा तास मिळतो. मग जिन्याच्या त्याच वळणावर एक कागदी कॅलेंडर लावलं, खिळा ठोकून. विंडो बंद केली.